बोरुटो: कथा पोराच्या हाती दिली, पण बापाचं काय करायचं?

‘नारुटो’ हा निंजांचा जपानी मांगा, म्हणजे चित्रकथा, 10 नोव्हेंबर 2014 ला संपला. 700 चॅप्टर, 72 व्हॉल्यूम, पंधरा वर्षं. शेवटच्या चॅप्टरमध्ये नारुटो होकागे, म्हणजे गावाचा प्रमुख, झालेला आहे आणि त्याचा पोरगा बोरुटो डोंगरात कोरलेल्या होकागेंच्या चेहऱ्यांवर रंग फासतोय. बापाने लहानपणी हाच उद्योग केला होता, त्यामुळे ते पान बघून सगळ्यांना गंमत वाटली. पुढे त्याच पोराच्या नावाने स्वतंत्र मालिका निघाली, तेव्हा त्यातलेच बरेच वाचक खवळले. ‘बोरुटो’चं नाव काढलं की आजही जुन्या वाचकांचे दोन तट पडतात.

मत आधीच सांगून टाकतो. मांगा वाचण्यासारखा आहे, ॲनिमे, म्हणजे टीव्हीवरची ॲनिमेशन मालिका, निवडून बघण्यासारखा आहे, आणि पहिल्या दहा चॅप्टरांवरून मालिकेला निकालात काढणं चुकीचं आहे. खाली कथेतले बरेच टप्पे उघड केलेत, तेव्हा कोरं राहून वाचायचं असेल त्यांनी इथेच थांबावं.

लोक चिडले ते नायक लहान आहे म्हणून, असं सरसकट सांगितलं जातं. ते पटत नाही. नारुटोही सुरुवातीला बारा वर्षांचाच होता. चीड आली ती कथा हाती सोपवण्याच्या पद्धतीमुळे, आणि तिची पहिली ठिणगी म्हणजे एकच गोष्ट तीनदा सांगणं. 7 ऑगस्ट 2015 ला बोरुटोचा चित्रपट जपानमध्ये लागला. निंजांच्या बढतीची चुनिन परीक्षा, मोमोशिकी या शत्रूचा हल्ला, बाप-लेकाचा समेट, सगळं त्यात आलं. 9 मे 2016 ला मांगा सुरू झाला आणि त्याचे पहिले दहा चॅप्टर म्हणजे तोच चित्रपट. दर महिन्याला एक चॅप्टर, म्हणजे माहीत असलेली गोष्ट पुन्हा वाचण्यात जवळजवळ वर्ष गेलं. ॲनिमे 5 एप्रिल 2017 ला आला आणि 2018 मध्ये, साधारण 53 ते 66 या एपिसोडांत, पुन्हा तीच परीक्षा नि तोच मोमोशिकी. निष्ठेने सगळं बघणाऱ्या माणसाने तीन वर्षांत एकाच पोराची ‘बापाला घरासाठी वेळ नाही’ ही एकच कुरकुर तीनदा ऐकली. ‘लाडावलेलं कार्टं’ हा शिक्का बोरुटोवर बसला तो इथे.

ती कुरकुर मात्र खोटी नाही. बोरुटोची धाकटी बहीण हिमावारी हिच्या वाढदिवसाचा प्रसंग नीट बघा. घरात सगळे जमलेत, नारुटो केक घेऊन येतो, आणि टेबलापाशी पोचता पोचता फट्दिशी धूर होऊन नाहीसा होतो. तो शॅडो क्लोन, म्हणजे नारुटोने निंजा-विद्येने काढलेली स्वतःची प्रतिकृती, होता. खरा नारुटो ऑफिसात थकून कोसळल्यामुळे क्लोन टिकला नाही. केक जमिनीवर आपटतो. ज्या जुत्सूवर, म्हणजे निंजा-विद्येवर, नारुटोने सगळं आयुष्य काढलं, जिच्या जोरावर तो गावात कोणीतरी झाला, तीच जुत्सू घरात अशी उघडी पडते. नारुटोच्या लहानपणी त्याला कोणीच नव्हतं. बोरुटोला बाप आहे, पण तो अख्ख्या गावाचा आहे. हे दुःख पहिल्याहून वेगळं आहे आणि लेखकांनी ते नेमकं पकडलंय.

याच भागातला दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. जुन्या मालिकेत ताकद घामाने मिळायची. रासेंगान, म्हणजे हातात फिरणारा शक्तीचा गोळा, शिकताना नारुटोने आधी पाण्याचा फुगा फोडला, मग रबरी चेंडू, आणि शेवटी फुगा न फोडता आत चक्र (अंगातली शक्ती) फिरवत ठेवलं. या तीन पायऱ्यांना किती पानं लागली ते जुन्या वाचकाला आठवतं. बोरुटो थोड्या दिवसांत रासेंगान काढतो. तो लहानसा असतो, फेकला की मध्येच दिसेनासा होतो, पण काम करतो. त्यातच परीक्षेत तो मनगटावर कोते नावाचं यंत्र बांधून दुसऱ्यांच्या जुत्सू झाडतो आणि पकडला जातो. नारुटो भर मैदानात त्याचा हेडबँड काढून घेतो. ‘सगळं आयतं’ ही तक्रार इथून आली. पण ही फसवणूक कथेने पाठीशी घातलेली नाही, भर सभेत तिची शिक्षा दिलीय, हे टीका करणारे विसरतात. खरी उणीव पुढची आहे: त्या शिक्षेनंतर बोरुटो घाम गाळतोय हे मांगामध्ये फारसं दिसतच नाही.

ते न दिसण्याचं कारण साधं आहे. जागाच नाही. ‘नारुटो’ साप्ताहिकात यायचा, अठरा-एकोणीस पानांचा एक चॅप्टर धरला तर महिन्याला सत्तरच्या वर पानं. ‘बोरुटो’ महिन्याला एकच चॅप्टर, सुमारे चाळीस पानं. पहिल्या सात वर्षांत ‘नारुटो’ने तीनशेहून जास्त चॅप्टर दिले होते, ‘बोरुटो’ने तेवढ्याच काळात 80. पहिल्या चॅप्टरच्या पहिल्या पानांवर उद्ध्वस्त कोनोहात, म्हणजे नारुटोच्या गावात, बोरुटोसमोर कावाकी नावाचा पोरगा उभा दाखवला, आणि तो कावाकी कथेत प्रत्यक्ष यायला दोन वर्षं लागली. महिन्याच्या महिन्याला वाचणाऱ्याचा धीर सुटला तर त्याला दोष देता येत नाही. आता सलग व्हॉल्यूम घेऊन वाचणाऱ्याला मात्र हा त्रास होत नाही, आणि नव्याने वाचणाऱ्यांची मतं जुन्यांपेक्षा सौम्य असतात त्याचं हे एक मोठं कारण.

हातही बदलले. ‘नारुटो’चे लेखक-चित्रकार मासाशी किशिमोतो इतक्या वर्षांच्या साप्ताहिक कामानंतर दमले होते. त्यांनी आपले जुने सहायक मिकिओ इकेमोतो यांचं नाव चित्रांसाठी पुढे केलं आणि लेखन उक्यो कोदाची यांच्याकडे गेलं. 52 व्या चॅप्टरपासून, म्हणजे 2020 च्या शेवटी, किशिमोतोंनी लेखन स्वतःकडे घेतलं. इकेमोतोंची रेषा किशिमोतोंसारखी नाही. ओठ जाड, कपड्यांवर पट्टे-चेन-बक्कल फार, चेहरे गुळगुळीत. अनेकांना हे आजही खटकतं. पण त्यांच्या मारामारीत कोण कुठे उभा आहे ते कळतं. डेल्टा या शत्रू बाईशी नारुटोची झुंज यासाठी पुन्हा काढून बघावी. ती समोरची जुत्सू डोळ्याने शोषून घेते, म्हणून नारुटो तिला पेलणार नाही इतकं चक्र रासेंगानमध्ये ओतत राहतो. जुन्या नारुटोचं डोकं आणि हट्ट दोन्ही त्यात आहेत.

थोरल्यांना दुबळं केलं, ही सगळ्यात कडवट तक्रार. ती अर्धी खरी आहे. जुन्या मालिकेतल्या चौथ्या महायुद्धात कागुया या महाशत्रूसमोर टिकलेले नारुटो आणि त्याचा जुना साथीदार सासुके जिगेन या नव्या शत्रूपुढे दोन-तीन चॅप्टरांत हरतात, नारुटोला तर तो बंदिस्त करून टाकतो. मग पोरं जाऊन त्याला सोडवणार. ही ओढाताण स्पष्ट दिसते. बाप जगात सर्वांत ताकदवान असेल तर पोराला काम उरत नाही, आणि बापाला मारून टाकण्याची हिंमत नाही, म्हणून त्याला कधी कोंडायचं, कधी थकवायचं. पण जिगेनच्या अंगात दडलेल्या इशिकीबरोबरच्या लढाईत हे ओझं एकदाचं नीट उतरवलंय. नारुटोच्या अंगात राहणारा नऊ शेपट्यांचा कोल्हा कुरामा आपला जीव जाणार हे नारुटोला न सांगता त्याला शेवटची ताकद देतो आणि निरोप घेतो. बोरुटोच्या अंगात शिरलेला मोमोशिकी सासुकेच्या रिनेगान या शक्तिमान डोळ्यात कुनाई (निंजाचा सुरा) खुपसतो. 50 व्या चॅप्टरनंतरच्या त्या चार-पाच चॅप्टरांत दोन्ही थोरल्यांची मुख्य शस्त्रं गेली, आणि ती किंमत मोजून गेली. कुरामाचा निरोप वाचून रडलेल्या वाचकांमध्ये ‘बोरुटो’ला नावं ठेवणारेही भरपूर होते. हे पन्नास चॅप्टर आधी करायला हवं होतं.

मालिका खऱ्या अर्थाने उभी राहते ती कावाकीमुळे. विकला गेलेला, मार खाल्लेला, माणसांवर विश्वास नसलेला हा पोरगा नारुटोच्या घरात येतो आणि आल्या आल्या हिमावारीची फुलदाणी फोडतो. बोरुटो भडकतो. नंतर कावाकी ते तुकडे जोडत बसतो. मारामारीच्या मांगामध्ये फुलदाणीला एवढी पानं देणं धाडसाचं आहे, आणि पुढचं सगळं त्यावर उभं आहे. नारुटोवर कावाकीचा जीव जडतो तो इतका आंधळा की ‘सातव्याला (सातव्या होकागेला) वाचवायचं’ म्हणून तो बोरुटोला मारायला उठतो, आणि 77 व्या चॅप्टरमध्ये नारुटो आणि त्याची बायको हिनाता यांना दुसऱ्याच मितीत बंद करतो. त्यानंतर एडा नावाच्या मुलीच्या शक्तीने दोघांच्या जागा बदलतात. साऱ्या जगाच्या लेखी कावाकी होकागेचा मुलगा आणि बोरुटो उपरा, गुन्हेगार. लाडावलेला म्हणून ज्याला शिव्या बसल्या त्याच पोराचं घर, नाव, बाप सगळं काढून घेतलं. वाचकांच्या तक्रारीला दिलेलं यापेक्षा नेमकं उत्तर मांगात क्वचित सापडेल.

ॲनिमेचं गणित वेगळं आहे. 26 मार्च 2023 ला 293 एपिसोडांवर पहिला भाग थांबला. तोवर मांगातले सुमारे 67 चॅप्टरच वापरले होते, त्यामुळे भरणा भरपूर. सगळं बघायला बसाल तर कंटाळा येणारच. पहिला एपिसोड बघा. 19 ते 23 हा सासुकेची मुलगी सारादा हिचा भाग सोडू नका, तो किशिमोतोंनी स्वतः काढलेल्या एका व्हॉल्यूमच्या कथेवर आहे. 25 ते 32 मधली किरीगाकुरे या दुसऱ्या निंजा-गावाची सहल मांगात नाही, तरी चांगली आहे. मग 53 ते 66. यातला 65 वा, चेंगशी हुआंग यांनी दिग्दर्शित केलेला, मोठ्या पडद्यावर बघा. हातापायांच्या हालचाली आणि कॅमेऱ्याचा वेग दोन्ही थक्क करतात. पुढे 148 ते 151, मग 181 ते 220 सलग. 128 ते 136 मध्ये बोरुटो भूतकाळात जाऊन छोट्या नारुटोला भेटतो. कथेला त्याची गरज नाही, पण नारुटोचा गुरू जिराया पुन्हा बघायचा असेल तर बसा.

220 नंतर सावध राहा. कुरामा जातो 218 व्या एपिसोडमध्ये, आणि मांगाची मुख्य कथा पुन्हा हाती येते 287 ला. मधल्या साठाहून जास्त एपिसोडांत पुन्हा चुनिन परीक्षा, फुनातो समुद्री टोळीशी युद्ध, भुलभुलैया, शाळा. एवढ्या मोठ्या निरोपानंतर नारुटोचं घर कसं सावरलं ते बघायचं असताना हे समोर येतं, आणि अनेकांनी ॲनिमे सोडला तो नेमका इथे. 220 वरून थेट 287 ला उडी मारली तर कथेचा धागा तुटत नाही. 293 संपला की मांगा साधारण 64 व्या चॅप्टरपासून धरा, दोन-तीन चॅप्टर बघितलेलेच निघतील, पण कोड या नव्या शत्रूचा हल्ला कागदावर जास्त घट्ट आहे.

ऑगस्ट 2023 पासून ‘टू ब्लू व्होर्टेक्स’ हा दुसरा भाग सुरू झाला. मध्ये तीन वर्षं गेलेली. बोरुटो सासुकेसारखा झगा घालून, सासुकेचाच ओरखडा पडलेला हेडबँड बांधून परततो आणि उझुहिको नावाचा नवा रासेंगान काढतो. मालिकेला नावं ठेवणारे जुने वाचक परतले ते इथे. कोनोहात त्याला शत्रू मानणारं गाव, त्याला ओळखणाऱ्या दोघीच, सारादा आणि तिची वर्गमैत्रीण सुमिरे, आणि कारभार नारुटोचा जुना मित्र शिकामारू याच्याकडे. बापाची सावली आता खरंच हटलीय. तरी सारादाचं दुखणं शिल्लक आहे. होकागे व्हायचं स्वप्न तिचं, 80 व्या चॅप्टरमध्ये मांगेक्यो शारिंगान हा तिच्या घराण्याचा खास डोळा जागा होतो तिचा, आणि पानं मिळतात इतरांना. बोरुटोच्या गटातल्या मित्सुकीचीही तीच गत. नायिका तीच हवी होती असं म्हणणारे वाचक कमी नाहीत, आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे.

विकत घ्यायचं तर पहिल्या भागाचे 20 व्हॉल्यूम आहेत. चित्रपट बघितला असेल तरी पहिले तीन टाळू नका, कारण बोरुटोच्या तळहातावरची कर्माची खूण चित्रपटात नाही आणि पुढची सगळी कथा तिच्यावर चालते. व्हिझ या प्रकाशकाच्या इंग्रजी प्रतीचा आकार 5 बाय 7.5 इंच असतो आणि वाचन उजवीकडून डावीकडे. पदपथावर निम्म्या किमतीत मिळणाऱ्या नकली प्रतींत राखाडी छटा काळ्या ठिक्कर होतात, बांधणीत आतल्या चौकटी गिळल्या जातात आणि गडद पानांवरची मारामारी वाचताच येत नाही. नवा चॅप्टर दर महिन्याच्या 20 तारखेच्या आसपास जपानी प्रकाशक शुएशाच्या मांगा प्लस ॲपवर इंग्रजीत अधिकृतपणे येतो, ताजे चॅप्टर फुकट.

‘नारुटो’ अजिबात न वाचलेल्या बारा-तेरा वर्षांच्या पोराने थेट इथून सुरुवात केली तर चालेल का? चालेल. अशी मुलं कावाकी आल्यापासून मालिकेला चिकटतात आणि होकागे का एवढा थकलेला आहे याची त्यांना पर्वा नसते. कुरामाच्या निरोपाला मात्र ती थंडपणे पान उलटतात. तो प्रसंग लागू व्हायला हवा असेल तर जुन्या मालिकेतलं महायुद्ध तरी आधी वाचायला द्या.