कॉकाटीलबरोबर मिळणारा तयार सेट: काय ठेवावं, काय काढून टाकावं

सोलापुरात कॉकाटील, म्हणजे डोक्यावर तुरा असलेला छोटा पोपट, घ्यायला गेलात की पक्ष्याबरोबर एक सेट पुढे येतो. तारेचा पिंजरा, प्लॅस्टिकच्या वाट्या, पाण्याची बाटली, दोन गुळगुळीत दांड्या, आरसा, मातीचा मटका, मिक्स दाणा, खड्यांची पुडी आणि व्हिटॅमिनचे थेंब. पाचपैकी दोन तारे. त्यातला एक वाट्यांना, आणि समुद्रफेस (चोचीने खरवडून कॅल्शियम मिळावं म्हणून लावतात ते पांढरं हाड) दिलं असेल तर दुसरा त्याला.

आधी पिंजरा. एका कॉकाटीलला किमान 24 इंच लांब, 18 इंच रुंद आणि 24 इंच उंच जागा लागते, आणि सेटमधला पिंजरा बहुधा याहून लहान असतो. दोन तारांमधलं अंतर अर्धा ते पाऊण इंच हवं. गोल पिंजरा दिसायला छान, पण घेऊ नका. वर तारा जवळ येतात तिथे बोटं आणि चोच अडकते, शिवाय चढायला आडव्या तारा नसतात. चकचकीत जस्ताचा मुलामा असेल तर जास्त काळजी घ्या. हा पक्षी चोचीने तार धरूनच चढतो, त्यामुळे मुलाम्याचे कपचे पोटात जातात आणि जस्ताची विषबाधा होते. व्हिनेगर लावून ताठ ब्रशने घासणं, धुणं आणि उन्हात वाळवणं यानं धोका कमी होतो, संपत नाही. पावडर कोटिंगचा चौकोनी पिंजरा महाग पडतो, तरी तोच घ्यावा. पक्षी पंधरा-वीस वर्षं जगतो, त्या हिशेबानं फरक फार नाही. वर सरकणाऱ्या प्रत्येक दाराला कडी लावा, वाट्यांच्या छोट्या दारांनाही. चोचीने दार उचलून मान बाहेर काढली की तेच दार मानेवर पडतं.

दांड्या काढून टाका. एकाच जाडीच्या गुळगुळीत दांडीवर तळव्याचा तोच भाग दिवसभर दाबला जातो आणि तिथे फोड येतात. पेरूच्या किंवा कडुलिंबाच्या, फवारणी न झालेल्या फांद्या आणा. जाडी दीड ते अडीच सेंटिमीटर, कमी-जास्त असलेलीच बरी. स्वच्छ धुऊन कडक उन्हात वाळवा. उन्हाची आपल्याकडे कमी नाही.

सेटमधली सगळ्यात घातक वस्तू मटका. एकटा पक्षी असेल तर तो लावायचाच नाही. घरट्यासारखी अंधारी जागा मिळाली की मादी जोडीदाराशिवायही अंडी घालत राहते, शरीरातलं कॅल्शियम संपत जातं आणि शेवटी अंडं आत अडकतं. मग ती पिसं फुलवून तळाशी बसते आणि शेपटी वर-खाली हलवत जोर लावते. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ घालवू नका, तासाभराचा उशीरही महागात पडतो. आरशाचंही तसंच, पक्षी प्रतिबिंबालाच भरवत बसतो.

दाण्याचा मिक्स म्हणजे राळे, बाजरी आणि वर भरपूर सूर्यफूल. सूर्यफूल आधी संपतं, बाकीचं उडवलं जातं. चरबी वाढते, जीवनसत्त्व अ कमी पडतं. दाणा ताजा आहे का हे बघायला चमचाभर ओल्या फडक्यात बांधा. दोन-तीन दिवसांत बरेचसे दाणे मोडावले नाहीत तर पुडी परत करा. राळे आणि बाजरी किराणा दुकानात सुटी मिळते, ती स्वस्त आणि बरी. एका पक्ष्याला दिवसाला दीड-दोन चमचे पुरतात, चमचा पोह्याचा. संध्याकाळी वाटी भरलेली दिसली तरी फुंकर मारून बघा, बहुतेक वेळा वर नुसती टरफलं असतात. जोडीला शेवग्याचा पाला, कोथिंबीर, किसलेलं गाजर, मोड आलेली मटकी. अ‍ॅव्होकॅडो, चॉकलेट, कांदा, चहा आणि मीठ घातलेलं काहीही नको. खड्यांची पुडी फेकून द्या. पोपटवर्गीय पक्षी दाणा सोलून खातात, तो पोटात दळायला त्यांना खडे लागत नाहीत.

पाणी हा सोलापूरचा खास विषय. नळ काही दिवसांआड येतो आणि साठवलेल्या पाण्याच्या वाटीला बुळबुळीत थर धरतो. म्हणून उकळून गार केलेलं पाणी, दिवसातून दोनदा बदलून, आणि वाटी बोटाने घासून. बाटलीच्या नळीच्या तोंडाशी असलेली, पाणी सोडणारी गोळी अडकली तर मे महिन्यात पक्षी अर्ध्या दिवसात कोमेजतो, त्यामुळे बाटलीबरोबर वाटीही ठेवाच. व्हिटॅमिनचे थेंब पाण्यात घालू नका. उन्हाळ्यात ते पाणी काही तासांत नासतं आणि चव बदलली की पक्षी कमी पितो.

चोच उघडी ठेवून धापा आणि पंख अंगापासून दूर, म्हणजे उष्माघाताची सुरुवात. पाय साध्या पाण्याने ओले करा, बर्फ नको. पत्र्याच्या खोलीत पिंजरा ठेवू नये, कूलरसमोरही नाही. कूलरच्या जुन्या गवतात बुरशी धरते आणि ती थेट फुप्फुसात जाते. पक्षी रोज दोन तास बाहेर हवा आणि तेवढा वेळ सिलिंग फॅन बंद. आपल्याकडे हीच अट सगळ्यात जड जाते.

झाकायला टर्किश टॉवेल वापरू नका, घरात ढीगभर असले तरी. फाशांमध्ये नख अडकतं. पातळ सुती कापड घ्या, एक बाजू उघडी आणि खोलीत बारीक दिवा ठेवा. अंधारात दचकला की कॉकाटील तारांवर आपटून पंख मोडून घेतो. सिद्धेश्वर यात्रेत होम मैदानावर दारूकाम असतं तेव्हा जवळपासच्या घरांनी हे विसरू नये.

दुकानात कुणी कंठवाला देशी पोपट दाखवला तर तिथूनच परत फिरा. 1972 च्या वन्यजीव कायद्याने तो पाळणं गुन्हा आहे.

सेटमध्ये न मिळणारी, पण हवीच अशी वस्तू म्हणजे एक ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा. कॉकाटील साधारण 80 ते 100 ग्रॅमचा. दर आठवड्याला सकाळी दाण्याआधी वजन लिहून ठेवा. आजार लपवणं या पक्ष्याच्या स्वभावातच आहे. तो दिसायला ठणठणीत असतो आणि काटा दहा टक्के खाली आलेला असतो. तेव्हा लगेच डॉक्टर गाठावा, म्हणून पक्षी तपासणारा डॉक्टर कोण हे पिंजरा घेण्याआधीच विचारून ठेवा.