सायप्रस, क्रीट, माल्टा की सिसिली: भाड्याची गाडी कुठे घ्यावी, कुठे घेऊ नये

भूमध्य समुद्रातल्या एखाद्या बेटावर आठवडाभर जायचं ठरलं, तिकिटं झाली, हॉटेल झालं, की गाडीचा प्रश्न येतो. घ्यायची का? बरेच जण नुसतं भाडं बघून ठरवून टाकतात. माझ्या मते भाडं सगळ्यात शेवटी बघावं. आधी दोन गोष्टी स्वच्छ करून घ्याव्यात: घरातलं नेमकं कोण चालवणार आहे, आणि जे बघायचंय तिथे बस जाते की नाही. या दोन्हींची उत्तरं बेटागणिक इतकी बदलतात की ‘युरोपात गाडी घ्याच’ किंवा ‘अजिबात घेऊ नका’ असा सरसकट सल्ला कामाचा नाही.

इथे चार बेटं घेतली आहेत. चारही युरोपीय संघात, चारही ठिकाणी युरो चालतो, पण गाडीच्या बाबतीत चारांच्या चार तऱ्हा. कुठे थांबायचं हे ज्यांना अजून ठरवायचंय, त्यांना यातून बेट निवडायलाही मदत होईल.

आधी बाजूचं बघू

सायप्रस आणि माल्टा या दोन्ही ठिकाणी आपल्यासारखंच डावीकडून चालवतात. दोन्हीकडे ब्रिटिश अंमल होता. सायप्रस १९६० मध्ये स्वतंत्र झालं, माल्टा १९६४ मध्ये, आणि रस्त्याची बाजू तशीच राहिली. क्रीट ग्रीसचं, सिसिली इटलीचं, त्यामुळे तिथे स्टिअरिंग डावीकडे आणि गाडी उजवीकडून.

उजवीकडून चालवणं अवघड नाही, पण चूक कुठे होते हे माहीत असलेलं बरं. भर रहदारीत सहसा होत नाही, कारण पुढच्या गाडीमागे आपण आपोआप जातो. चूक होते ती पेट्रोल पंपावरून बाहेर पडताना, किंवा सकाळी सामसूम रस्त्याला लागताना, जेव्हा समोर कुणीच नसतं आणि हात जुन्या सवयीने डावीकडे वळवतात. दुसरं म्हणजे गाडीचा सगळा पसारा आता आपल्या उजव्या हाताला असतो. त्याचा अंदाज यायला वेळ लागतो, आणि गाडी नकळत उजव्या कडेला सरकत राहते. गल्लीत उभ्या असलेल्या गाड्यांचे आरसे तिथेच लागतात. पहिले दोन दिवस शेजारी बसणाऱ्याने फोनमध्ये डोकं न घालता उजवी कड बघत राहावं.

गिअरही उजव्या हाताने टाकायचा. तिथल्या लहान गाड्या बहुतेक मॅन्युअलच असतात. ऑटोमॅटिक मोजक्या आणि महाग. तरी क्रीट किंवा सिसिलीत पहिल्यांदाच चालवणार असाल तर ऑटोमॅटिकचे जास्तीचे पैसे खुशाल द्या, फक्त बुकिंग लवकर करा. सायप्रस-माल्टात हा खर्च वाचतो. तिथे एकच गोष्ट छळते: युरोपीय गाड्यांत इंडिकेटर डाव्या हाताला असतो, त्यामुळे आपल्याकडच्या मारुती-ह्युंदाईची सवय असलेल्या माणसाचे कडक उन्हात वळणावर वायपर सुरू होतात.

सायप्रस: पहिल्यांदा परदेशात चालवणाऱ्यांसाठी

परदेशात कधीच गाडी चालवली नसेल तर माझं मत सरळ सायप्रसच्या बाजूने. विस्तार ९,२५१ चौरस किलोमीटर, म्हणजे भूमध्य समुद्रात सिसिली आणि सार्डिनियाखालोखाल तिसऱ्या क्रमांकाचं बेट. लार्नाका, लिमासोल, पाफोस आणि निकोसिया ही शहरं चांगल्या महामार्गांनी जोडलेली आहेत आणि टोल कुठेच नाही. महामार्गावर वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर, वस्तीत ५०. कॅमेरे आहेत, तेव्हा रस्ता मोकळा दिसला म्हणून वेग वाढवू नका. भाड्याच्या गाड्यांना लाल नंबरप्लेट असते, त्यामुळे मागच्याला कळतं की हा पाहुणा आहे. नव्या माणसाला त्याचा आधारच वाटतो.

शहरांमधल्या बस ठीक आहेत. मग गाडी कशाला? ट्रूडोसच्या डोंगरांसाठी. माउंट ऑलिंपस १,९५२ मीटर उंच आहे. त्याच्या आसपासच्या गावांत भिंती चित्रांनी भरलेली जुनी चर्च आहेत, त्यातली दहा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. ती एका जागी नाहीत, दऱ्याखोऱ्यांत विखुरलेली आहेत. शिवाय काहींना कुलूप असतं आणि किल्ली गावातल्या कुणाकडे तरी असते; कॉफीच्या दुकानात जाऊन विचारावं लागतं, त्या माणसाला बोलावून आणेपर्यंत थांबावं लागतं. दिवसातून मोजक्या सुटणाऱ्या बसच्या वेळापत्रकात हे बसत नाही. बाहेरून साध्या घरासारखं, उतरत्या छपराचं दिसणारं चर्च आणि आत पाऊल टाकताच चारही बाजूंनी रंग, हे ज्यांना बघायचंय त्यांनी गाडीवाचून सायप्रसला जाऊच नये. लिमासोलहून पाफोसला जातानाही महामार्ग सोडून जुना बी-६ रस्ता घ्या. ग्रीक देवी ॲफ्रोडायटीचा म्हणतात तो पेत्रा तू रोमिऊचा खडक त्याच वाटेवर आहे.

दोन ठिकाणी मात्र गाडी नेऊ नका. एक, अकामास द्वीपकल्पाचे कच्चे रस्ते. साध्या भाड्याच्या गाडीचा विमा तिथे चालत नाही. तिथल्या ब्लू लगून या खाडीला लाची बंदरातून बोटीने जाता येतं. दुसरं, बेटाचा उत्तर भाग. १९७४ पासून बेट दुभंगलेलं आहे. दक्षिणेत घेतलेल्या गाडीचा विमा पलीकडे लागू होत नाही, हद्दीवर वेगळा घ्यावा लागतो, आणि बऱ्याच कंपन्या गाडी पलीकडे नेऊच देत नाहीत. उत्तर निकोसिया बघायचं असेल तर पासपोर्ट खिशात ठेवून लेड्रा स्ट्रीटवरून चालत जा. हा मार्ग २००८ मध्ये उघडला आणि अर्ध्या दिवसाच्या फेरफटक्याला तेवढा पुरतो.

क्रीट: गाडीचं खरं चीज इथे होतं

चारांत गाडीसाठी मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते क्रीट. सर्वांत जास्त लक्षही तिथेच द्यावं लागतं. बेट पूर्व-पश्चिम सुमारे २६० किलोमीटर लांब आणि उत्तर-दक्षिण अरुंद, मधोमध डोंगर. सगळी मोठी शहरं उत्तर किनाऱ्यावर: हानिया, रेथिम्नो, इराक्लिओ, आयिओस निकोलाओस. त्यांना जोडणारा एक मुख्य रस्ता आहे आणि त्यावर केटीईएल या ग्रीक बससेवेच्या बस उत्तम चालतात. म्हणजे कार्यक्रम फक्त हानिया, इराक्लिओ आणि क्नोसोसचा प्राचीन राजवाडा एवढाच असेल तर गाडी नको. क्नोसोसला तर इराक्लिओतून शहर बसच जाते.

गाडी हवी दक्षिणेसाठी. हानियाहून स्फाकियाकडे जाणारा रस्ता आस्किफूच्या पठारावरून जातो, आणि मग एकदम डोंगर संपून खाली लिबियाचा समुद्र दिसतो. तिथून खाली उतरणारी वळणं एकामागोमाग एक. आंबेनळी घाट ज्यांच्या हाताखालचा आहे त्यांना यात नवीन काही नाही. फक्त बाजू उलटी, आणि ट्रकऐवजी वाटेत शेळ्या. उतारावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवा, नुसत्या ब्रेकवर उतरू नका. डोंगराळ गावांत रस्त्याच्या पाट्यांना गोळ्यांची भोकं दिसतील. घाबरू नका, ती तिथल्या लोकांची जुनी हौस आहे, प्रवाशांशी तिचा काही संबंध नाही.

उत्तरेच्या मुख्य रस्त्यावरची एक रीत आधी समजून घ्या. बराच भाग दोनच पदरी आहे, आणि हळू जाणाऱ्याने उजवीकडच्या कडेच्या पट्टीवर सरकून मागच्याला वाट द्यावी अशी अपेक्षा असते. मागची गाडी अगदी जवळ येऊन चिकटते ती त्यासाठी. पुढे कड स्वच्छ दिसत असेल तरच सरका. त्याच पट्टीवर सायकलवाला असू शकतो, बंद पडलेली गाडी असू शकते. वळणावर कुणी कितीही घाई केली तरी आपली जागा सोडू नका.

एलाफोनिसीच्या गुलाबी छटेच्या वाळूसाठी हानियाहून पाऊणशे किलोमीटर जावं लागतं. वाटेत तोपोलियाचा बोगदा लागतो. एका वेळी एकाच बाजूची गाडी जाईल एवढाच तो आहे, तोंडाशी सिग्नल. लाल असेल तर समोरून कुणी येत नाही असं वाटलं तरी थांबायचं. सकाळी लवकर निघा, दुपारी तिथे पार्किंगची मारामार असते.

क्रीटमधल्याच दोन प्रसिद्ध जागा मात्र गाडीच्या नाहीत. समारिया दरी १६ किलोमीटर चालायची. सुरुवात ओमालोसच्या पठारावर, शेवट आयिआ रुमेलीला समुद्रकाठी, आणि आयिआ रुमेलीला रस्ताच नाही. तिथून बोटीने सूयाला किंवा स्फाकियाला यायचं. गाडी ओमालोसला ठेवलीत तर संध्याकाळी तुम्ही एका टोकाला आणि गाडी दुसऱ्या टोकाला, डोंगरापलीकडे. त्या दिवशी बसनेच जा. दुसरी जागा बालोसचा समुद्रकिनारा. शेवटचे काही किलोमीटर दगडगोट्यांचा कच्चा रस्ता, आणि टायर किंवा गाडीच्या तळाला काही झालं तर विमा हात वर करतो. किसामोसहून बोट आहे, ती घ्या.

जेवणानंतर खानावळीत न मागता राकीची, म्हणजे तिथल्या कडक दारूची, छोटी बाटली समोर येते. प्रेमाने देतात, पण चालवणाऱ्याने नम्रपणे नाही म्हणावं. रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम आहे, आणि पुढे घाट आहे.

माल्टा: घेऊ नका

रस्ता डावीकडून असूनही माल्टात गाडी घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. मुख्य बेट जेमतेम २७ किलोमीटर लांब, लोकवस्ती दाट, गाड्या त्याहून दाट, आणि पार्किंग शोधण्यात सुट्टीचा वेळ जातो. राजधानी व्हॅलेटात गाडी नेली तर कॅमेरा नंबर टिपून शुल्क लावतो. बस बेटभर जातात, एका तिकिटावर दोन तासांत बदलता येतात, आणि व्हॅलेटा-स्लीमा बोट तर रस्त्यापेक्षा सुखाची.

अपवाद शेजारच्या गोझो बेटाचा. तिथल्या बहुतेक बस मधल्या व्हिक्टोरिया गावातून सुटतात, म्हणून एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर जायला दर वेळी मध्यावर परतावं लागतं. चिरकेव्वाहून फेरीने साधारण २५ मिनिटांत पलीकडे जा आणि गोझोतच एखाद्या दिवसासाठी गाडी घ्या. रस्ते मोकळे असतात. जिगांतियाची प्राचीन मंदिरं, ड्वेइरा आणि रामलाचा किनारा एका दिवसात आरामात होतात.

सिसिली: अर्धी रेल्वे, अर्धी गाडी

सिसिली पंचवीस हजार चौरस किलोमीटरहून मोठं आहे, आणि इथे रेल्वे आहे हा मोठाच फरक. कातानिया-सिराकुझा आणि पालेर्मो-चेफालू हे टप्पे रेल्वेने करा. या शहरांत गाडी म्हणजे नुसती डोकेदुखी, त्यातही झेडटीएल. जुन्या शहरातल्या ठराविक भागात बाहेरच्या गाड्यांना बंदी असते. पाटी छोटी, कॅमेरा मात्र चुकत नाही. दंडाचं पत्र काही महिन्यांनी घरी येतं. कंपनी तुमचं नाव-पत्ता पोलिसांना कळवल्याबद्दलचं आपलं शुल्क आधीच कार्डावरून कापून घेते. पार्किंगच्या पट्ट्यांचे रंग लक्षात ठेवा: पांढरी फुकट, निळी पैसे भरून, पिवळी राखीव.

गाडी घ्या ती या शहरांबाहेरच्या मुलखासाठी. पियात्सा आर्मेरिनाजवळचा रोमन वाडा आणि तिथली मोझेइकची जमीन, नोतो-मोदिका-रागुझा ही गावं, पश्चिमेकडे सेजेस्ता आणि सेलिनुन्तेची प्राचीन मंदिरं. आठवड्यातले तीन दिवस गाडीला पुरेत. पालेर्मो-कातानिया महामार्गाला टोल नाही. मेसिनाहून पालेर्मो आणि कातानियाकडे जाणाऱ्या मार्गांवर आहे.

काउंटरवर काय लागेल

भारतातला परवाना असेल तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढूनच निघा. ग्रीस आणि इटलीत तो लागतोच. सायप्रस-माल्टातही जवळ असावा. अर्ज ऑनलाइन सारथी पोर्टलवर होतो, मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. तिथे पोहोचल्यावर तो मिळत नाही. मूळ परवानाही सोबत लागतो.

आपल्याकडच्या कुटुंबांची खरी अडचण वेगळीच होते: बुकिंग मुलाच्या नावाने, कार्ड सुनेचं, आणि चालवणार बाबा. हे चालत नाही. मुख्य चालक म्हणून ज्याचं नाव, त्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं. डेबिट कार्ड बहुतेक ठिकाणी नाकारतात. कार्डावर परदेशी व्यवहार सुरू आहेत ना, हे बँकेच्या ॲपमध्ये आधीच बघा. डिपॉझिटची रक्कम मर्यादेतून अडवून ठेवली जाते, तेव्हा हॉटेलसाठी पुरेशी मर्यादा उरेल ना, याचाही हिशोब करा. चालक पंचविशीच्या आतला किंवा सत्तरीच्या पुढचा असेल तर जादा आकार किंवा थेट नकार, दोन्ही शक्य आहेत. लहान मुलांची सीट सक्तीची. बुकिंग करतानाच सांगा.

विम्यात ‘सगळं समाविष्ट’ लिहिलेलं असलं तरी काच, टायर, गाडीचा तळ आणि किल्ली यांबद्दल वेगळं विचारा. अपघातात तुमच्या खिशातून कमाल किती जाईल हा आकडा कागदावर दाखवायला सांगा. क्रीटसाठी हा आकडा शून्यावर आणणारा विमा मी नेहमी सुचवते, कारण तिथे गल्ल्या अरुंद आणि कडेला दगड. सायप्रसमध्ये महामार्गावरच राहणार असाल तर साधा विमा चालून जातो. इंधनाचा करार ‘भरून घ्या, भरून द्या’ असाच घ्या. परत देण्याआधी विमानतळाजवळच्या पंपावर टाकी भरून पावती ठेवा, आणि गाडीचे चारही बाजूंनी फोटो घेताना चाकांच्या रिमचे जवळून घ्या. ओरखड्यांवरून वाद होतो तो बहुधा तिथल्याच.