बाबांच्या खुब्याची दोन टप्प्यांतील शस्त्रक्रिया : पुण्यातील एका रुग्णालयाचा अनुभव

बाबांचा डावा खुबा नऊ वर्षांपूर्वी अन्यत्र बदलला होता. गेल्या वर्षी जुन्या व्रणाशेजारी मसुराएवढे छिद्र पडून त्यातून पू येऊ लागला आणि सहा महिने आम्ही गोळ्या व ड्रेसिंगवर घालवले. या रुग्णालयातील सर्जननी पहिल्याच भेटीत सांगितले की, जंतू कृत्रिम सांध्याच्या धातूवर थर धरून बसले असल्याने सांधा काढल्याशिवाय नुसत्या औषधाने ते जाणार नाहीत. मात्र जंतू ओळखण्यासाठी अँटिबायोटिक दोन आठवडे बंद ठेवून सुईने सांध्यातील पाणी काढले आणि कल्चरचा, म्हणजे त्या पाण्यातील जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखण्याच्या तपासणीचा, अहवाल हाती येईपर्यंत शस्त्रक्रियेची तारीख दिली नाही. आम्ही घाई करत होतो. ते बधले नाहीत, हे बरेच झाले.

पहिल्या शस्त्रक्रियेत कृत्रिम सांध्याची वाटी, मांडीच्या हाडातला दांडा आणि जुने सिमेंट काढून व्हॅन्कोमायसिन व जेंटामायसिन ही अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा स्पेसर, म्हणजे नवा सांधा बसेपर्यंतचा तात्पुरता सांधा, बसवला. पुढे सहा आठवडे शिरेतून औषध आणि दर आठवड्याला सीआरपीची, म्हणजे शरीरातील दाह किती आहे हे दाखवणारी रक्ताची, तपासणी. या काळात पायावर किती भार द्यायचा, हे वॉर्डात प्रत्येकाने वेगवेगळे सांगितले. स्पेसर निखळू शकतो, हे तर आम्हाला शेजारच्या खाटेवरील रुग्णाकडून कळले.

दुसऱ्या शस्त्रक्रियेपूर्वी सीटी स्कॅनवरून छापलेला बाबांच्या कमरेच्या हाडाचा प्लास्टिकचा नमुना सर्जननी माझ्या हातात दिला. खोबणीत अंगठा ठेवला, तो आरपार गेला. तेवढे हाड उरलेच नव्हते. ती पोकळी टँटॅलम या धातूच्या सच्छिद्र तुकड्यांनी भरून, ते स्क्रूने पक्के करून त्यांवर मोठी वाटी बसवली. मांडीच्या हाडाचा वरचा भाग पोकळ झाल्याने खालच्या निरोगी हाडात घट्ट रुतणारा लांब, निमुळता टायटॅनियमचा दांडा घातला. किती तुकडे लागतील हे टेबलावरच ठरते, हे मान्य. परंतु कमीत कमी आणि जास्तीत जास्त खर्च आधी सांगता आला असता. बिल अंदाजापेक्षा बरेच वाढले आणि खुलासा मागितल्यावर आम्हाला तीन खिडक्या फिरवले.

शस्त्रक्रियेला पाचपैकी पाच, हिशेब विभागाला दोन. आता व्रण कोरडा आहे, सीआरपी नॉर्मल आहे. डावा पाय किंचित आखूड राहिल्याने चौकातल्या चांभाराकडून एका चपलेचा तळ जाड करून घेतला असून बाबा काठी टेकत स्वतः दूध आणायला जातात.