अँटिबायोटिकची नोंद: सॉफ्टवेअरचा रिपोर्ट की वेगळी वही?

वृद्धांच्या निवासी सेवाकेंद्रात अँटिबायोटिकच्या नोंदी कशा ठेवायच्या, हे ठरवायचं काम बहुधा संसर्ग नियंत्रण पाहणाऱ्या माणसाकडे किंवा इन्चार्ज सिस्टरकडे येतं. नोंद का ठेवायची, हे या मंडळींना सांगायला नको. पर्याय ढोबळमानाने तीन. औषधपत्रकाच्या सॉफ्टवेअरमधून निघणारा रिपोर्ट, दर कोर्सला एक ओळ अशी स्वतंत्र वही (कागदाची किंवा एक्सेलची, फरक फार नाही), आणि अधूनमधून करायची एका दिवसाची पाहणी. मी तिन्ही वापरून पाहिले आहेत. सध्या वहीवर आहे आणि तीच ठेवेन असं दिसतंय.

पाहणीचं आधी उरकतो. ठरलेल्या दिवशी किती निवासी अँटिबायोटिकवर आहेत, एवढंच मोजायचं. युरोपातल्या अशा सेवाकेंद्रांमधल्या संसर्गांची आणि अँटिबायोटिकच्या वापराची ‘हॉल्ट’ पाहणी याच पद्धतीने होते. २०१६-१७ च्या फेरीत त्या दिवशी सुमारे ५ टक्के निवासी अशा औषधांवर सापडले, आणि त्यातली जवळपास ३० टक्के औषधं उपचारासाठी नव्हे, तर संसर्ग होऊ नये म्हणून दिलेली होती. पाहणीची खरी ताकद इथेच आहे. महिनोन्‌महिने चालू असलेली आणि सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली रोजची एक गोळी तिच्यात पटकन उघडी पडते. पण पाच-सात दिवसांचे कोर्स दोन पाहण्यांच्या मधून निसटून जातात. म्हणून जोडीला ती ठेवावी, एकटीवर विसंबू नये.

आता सॉफ्टवेअर. त्याचे गुण मी नाकारणार नाही. औषध खरोखर किती दिवस दिलं गेलं, हे ते डोसागणिक जाणतं, त्यामुळे ‘दर १००० निवासी-दिवसांमागे अँटिबायोटिकचे दिवस’ (एक निवासी एक दिवस राहिला की एक निवासी-दिवस) हा आकडा बटण दाबलं की मिळतो. वृद्धांच्या बाबतीत हा आकडा प्रमाणित दैनिक डोसाच्या, म्हणजे प्रौढाला दिवसाला सरासरी किती औषध लागतं या ठरीव मापाच्या, हिशेबापेक्षा बरा, असं माझं मत आहे. मूत्रपिंड मंदावलेल्या माणसाला डोस कमी करून देतात, आणि ग्रॅममध्ये मोजलं तर औषध उगाच कमी वापरल्यासारखं दिसतं. शिवाय थांबवायची तारीख न टाकता कोर्स लिहिला गेला, तर सॉफ्टवेअर अडवू शकतं. वही कुणाला अडवत नाही. निवासी बरेच असतील आणि माणसं सतत बदलत असतील, तर सॉफ्टवेअर घेऊच नका असं मी म्हणणार नाही.

माझं घोडं अडलं ते एका चौकटीत. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये औषध नोंदवताना ‘कारण’ निवडावं लागायचं, आणि निवडीत होतं काय, तर लघवीचा संसर्ग, श्वसनमार्ग, त्वचा, इतर. रात्री फोनवर ऑर्डर घेतलेली, एकच सिस्टर ड्यूटीवर, आणि कारण निवडल्याशिवाय पान पुढे सरकत नाही. मग ‘लघवीचा संसर्ग’ निवडला जातो. यात सिस्टरची काही चूक नाही. शेऱ्याची जागा होती, पण दुसऱ्या पानावर, आणि तिथे लिहिलेलं रिपोर्टमध्ये छापून येत नसे. महिनाअखेरीस रंगीत आलेख निघायचा. त्यातला सगळ्यात मोठा तुकडा लघवीच्या संसर्गाचा. त्या तुकड्यातल्या किती जणांना खरोखर त्रास होत होता, हे मात्र त्यावरून कुणालाच सांगता येत नव्हतं.

आणि आपल्या कामात कळीचा प्रश्न तोच असतो. दीर्घकालीन निवासी सेवेतल्या स्त्रियांपैकी २५ ते ५० टक्के आणि पुरुषांपैकी १५ ते ४० टक्के जणांच्या लघवीत काही तक्रार नसतानाही जंतू सापडतात. दीर्घकाळ कॅथेटर असेल तर जवळजवळ सगळ्यांच्याच. म्हणजे कल्चर (लघवीतले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) पॉझिटिव्ह आलं, एवढ्यावर काहीच ठरत नाही. ठरतं ते लक्षणांवर. अमेरिकेतल्या संसर्गरोग तज्ज्ञांच्या संस्थेची २०१९ ची मार्गदर्शिकाही हेच सांगते. स्मृती किंवा हालचाल मंदावलेला वृद्ध अचानक गोंधळला, लघवीत जंतू आहेत, पण ताप नाही आणि लघवीची तक्रारही नाही, तर आधी दुसरी कारणं शोधा आणि लक्ष ठेवा, लगेच अँटिबायोटिक देऊ नका.

वहीतल्या दोन ओळी शेजारी ठेवून पाहा. पहिली: ‘पहाटेपासून लघवीला जळजळ, सारखं जावं लागतंय, ताप ३८.२ सेल्सिअस, कॅथेटर नाही.’ दुसरी: ‘लघवीला वास. दुपारी जेवल्या नाहीत, झोपाळलेल्या. ताप नाही. मुलगी म्हणाली, तपासून घ्या.’ सॉफ्टवेअरच्या लेखी या दोन्ही एकच होत्या. वहीत मात्र दुसरी ओळ वाचणाऱ्याला थांबवते. औषध सुरू केल्यावर ४८ ते ७२ तासांनी जो फेरविचार होतो, त्या वेळी अशी ओळ डॉक्टरांसमोर धरली, की ते कोर्स पुढे चालवायचा की थांबवायचा याचा खरंच विचार करतात, असा माझा अनुभव आहे. आलेख दाखवून असं कधी झालं नाही. म्हणून वहीत मी सर्वांत रुंद रकाना लक्षणांना दिला आहे, आणि तिथे निदान लिहायचं नाही, सिस्टरने जे पाहिलं तेच तिच्या शब्दांत लिहायचं, असा दंडक ठेवला आहे.

याच रकान्यामुळे निकषांचाही गोंधळ टळतो. औषध सुरू करायला किमान काय दिसलं पाहिजे, हे सांगणारे लोब निकष २००१ चे. मॅकगीर निकष १९९१ चे, २०१२ मध्ये सुधारलेले, आणि ते संसर्गांची मोजदाद करण्यासाठी आहेत. या दोन्हींची सरमिसळ फार होते. लक्षणं जशीच्या तशी लिहिलेली असली, की दोन्ही निकष नंतर निवांत लावून पाहता येतात. ‘लघवीचा संसर्ग’ एवढ्या दोन शब्दांवर एकही लागत नाही.

आणखी एक छोटी गोष्ट वहीच्या बाजूने जाते. रुग्णालयातून परतलेल्या निवाशाचा कोर्स सॉफ्टवेअर परतल्या दिवसापासून नवा धरायचं. डिस्चार्ज कार्डावर चार दिवस झालेले असतात, इथे पुन्हा सात सुरू होतात, आणि सात दिवसांचा कोर्स अकरा दिवसांचा होतो. वहीत ‘कुठे सुरू झालं’ आणि ‘आधी किती दिवस झाले’ असे दोन अरुंद रकाने आखले की प्रश्न सुटतो.

वहीचे दोषही आहेत. रात्रपाळीत ओळ राहून जाते. बदलीवर आलेल्या सिस्टरला वही आहे हेच माहीत नसतं. अक्षर लागत नाही. महिनाअखेरीची बेरीज हाताने करायची, तर बराच वेळ मोडतो. यावर मला उपयोगी पडलेला उपाय म्हणजे आठवड्यातून एकदा फार्मसीने दिलेल्या औषधांची यादी वहीशी ताडून पाहणं. गळलेल्या ओळी लगेच सापडतात, आणि त्या वेळी सिस्टरला प्रसंग आठवतही असतो. औषधाचे दिवस मोजायचे तर तेवढ्यापुरती वही एक्सेलमध्ये उतरवून घ्यावी. मात्र लक्षणांचा रकाना उतरवताना त्याचे संक्षेप करू नयेत, नाहीतर पुन्हा तीच चौकट तयार होते.

सॉफ्टवेअर घ्यायचंच ठरलं असेल, तर प्रात्यक्षिकाच्या वेळी आलेख पाहण्यात वेळ घालवू नका. विक्रेत्याला ‘लघवीला वास, ताप नाही’ एवढं टाइप करायला सांगा, आणि ते शब्द महिन्याच्या रिपोर्टमध्ये त्या कोर्सच्या शेजारी छापून येतात का ते पाहा. येत असतील, आणि रात्री एकटी सिस्टर ते न अडखळता भरू शकत असेल, तर वहीचा माझा आग्रह तुमच्यापुरता सोडून द्यायला माझी हरकत नाही.