मानपाडा ते महापे आणि अधूनमधून माळशेज : मिशेलिन पायलट स्ट्रीट २ या टायरचे १६,००० किलोमीटर

जुना मागचा टायर रिमवरून उतरवून दुकानदाराने तो माझ्यासमोर उभा धरला, तेव्हा त्याची गोलाई पूर्णपणे गेलेली दिसली. मधोमध चार बोटे रुंदीचा सपाट पट्टा तयार झाला होता आणि तो पट्टा जिथे संपत होता तिथे दोन्ही बाजूंना नखाला जाणवेल अशी कड उभी राहिली होती. कडेच्या पलीकडे मात्र रबर जवळजवळ नव्यासारखे होते. रोज सरळ रस्त्याने जाणाऱ्या आणि वर्षातून चार-सहा वेळा घाटात गाडी मोकळी सोडणाऱ्या चालकाची खरी अडचण त्या एका टायरवर दिसत होती. आम्ही टायर झिजवतो मधोमध, आणि भरवसा ठेवतो कडांवर.

माझी गाडी पल्सर एनएस २०० आहे. मानपाड्याहून कापूरबावडी, माजिवडा, कळवा, विटावा आणि पुढे ठाणे–बेलापूर मार्गाने महापे असा माझा रोजचा प्रवास आहे. एका बाजूने सुमारे अठरा किलोमीटर पडतात. या रस्त्यात काँक्रीट आहे, डांबर आहे, पेव्हर ब्लॉक आहेत, पुलांचे लोखंडी सांधे आहेत आणि वडाळा–कासारवडवली मेट्रोच्या कामामुळे घोडबंदर रस्त्यावर कित्येक वर्षे लोखंडी प्लेटाही भेटत आल्या आहेत. सुट्टीच्या दिवशी मुरबाड, टोकावडे करीत माळशेजला जाणे ही माझी आवड आहे आणि ती मी सोडणार नाही. त्यामुळे मला असा टायर हवा होता जो आठवड्याचे सहा दिवस मुकाट्याने काम करील आणि सातव्या दिवशी वळणावर दगा देणार नाही.

आधीच्या टायरबद्दल थोडे सांगणे भाग आहे, कारण पुढची निवड त्याच चुकीतून झाली. तो टायर मी एका दुकानातून घाईघाईने, केवळ भाव पाहून घेतला होता. टायरच्या बाजूवर लंबगोल चौकटीत चार आकडे कोरलेले असतात; पहिले दोन आठवडा सांगतात आणि नंतरचे दोन वर्ष, म्हणजे १४२४ असे असेल तर तो टायर २०२४ सालच्या चौदाव्या आठवड्यात तयार झालेला असतो. मी ते आकडे घरी आल्यावर पाहिले. टायर चार वर्षांहून जुना निघाला. परत गेले तेव्हा दुकानदार म्हणाले, “ताई, माल आतच होता, ऊन लागलेलं नाही, नवाच समजा.” नीट साठवलेला टायर लगेच निकामी होत नाही हे खरे असले, तरी रबर काळानुसार कडक होत जाते, आणि तो टायर कुठे व कसा ठेवला होता हे तपासण्याचा कोणताही मार्ग ग्राहकाकडे नसतो. जूनमधल्या पहिल्याच सरीत एका लोखंडी प्लेटवर हलकासा मागचा ब्रेक लावला आणि मागचे चाक एका बाजूला सरकले. पाय टेकवून गाडी सावरली, पडले नाही. पण त्या दिवसापासून ओला रस्ता दिसला की माझे खांदे ताठ होऊ लागले.

तोच टायर पुढे सपाट झाला आणि माळशेजमध्ये त्याने दुसरा धडा दिला. सरळ रेषेतून गाडी वळणात झुकवताना ती आधी अडून बसायची, थोडा जोर लावावा लागायचा, आणि मग ती कड ओलांडताच एकदम आत कोसळल्यासारखी झुकायची. चालकाला हा दोष सस्पेन्शनचा किंवा स्वतःच्या हाताचा वाटतो. माझाही तसाच समज झाला होता.

यानंतर नवे टायर निवडताना मी तीन गोष्टी ठरवल्या. पहिली म्हणजे माप बदलायचे नाही. माझ्या गाडीचे माप पुढे १००/८०-१७ आणि मागे १३०/७०-१७ असे आहे. म्हणजे मागचा टायर १३० मिलिमीटर रुंद, त्याची उंची रुंदीच्या ७० टक्के आणि रिम १७ इंचांचे. ठाण्यातल्या दुकानांत १४० चा टायर बसवून घ्या, गाडी भारदस्त दिसेल, असा आग्रह हमखास होतो. परंतु रिम तेच ठेवून त्यावर रुंद टायर चढवला की त्याच्या कडा आत ओढल्या जातात, माथा प्रमाणाबाहेर उंचावतो आणि टायरचा मूळ आकारच बिघडतो. ज्या रुंदीसाठी एवढा खटाटोप केला, ती रस्त्याला टेकतच नाही, आणि गाडी झुकवायला उलट जड होते. दिसण्यासाठी कोणाला हवे असेल तर गोष्ट वेगळी. चालवण्यासाठी मात्र मी हा सल्ला कोणालाही देणार नाही.

दुसरी गोष्ट भार आणि वेगाच्या खुणांची. मापापुढे ६२एस असे काही लिहिलेले असते. त्यातील ६२ म्हणजे तो टायर २६५ किलो भार पेलू शकतो आणि एस म्हणजे ताशी १८० किलोमीटर वेगापर्यंत त्याची क्षमता आहे. गाडीसोबत आलेल्या टायरवर पी असेल, तर ती १५० ची खूण असते. मूळ टायरपेक्षा वरची खूण चालते, खालची कधीही घेऊ नये. मागे माझा भाऊ बसलेला, पाठीवर बॅगा आणि रस्त्यात खड्डे, अशा वेळी ६२ हा आकडा निव्वळ कागदावरचा राहत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची होती आणि तिच्यावरच मी सर्वाधिक वेळ घालवला : रबर किती मऊ असावे. मऊ रबराचा टायर वळणावर रस्त्याला अधिक घट्ट धरतो, हे खरे आहे. पण पूर्ण ताकदीने पकड देण्यासाठी त्याला उष्णता लागते, आणि सकाळी साडेआठ वाजता माजिवड्याच्या कोंडीत ताशी वीसच्या वेगाने सरकणाऱ्या गाडीच्या टायरला ती मिळत नाही. उलट काँक्रीटवर तो मधोमध भराभर झिजतो आणि वर वर्णन केलेली कड लवकर उभी राहते. म्हणजे ज्या घाटासाठी आपण मऊ रबर घेतले, त्या घाटात पोहोचेपर्यंत टायरचा आकारच उरत नाही. रोज कामावर जाणाऱ्या माणसाने घाटाचा विचार करून टायर घेऊ नये. ओल्या, थंड रस्त्याचा विचार करून घ्यावा आणि त्याची गोलाई टिकेल असा घ्यावा, म्हणजे घाटातही तो चांगलाच वागतो. रबरात सिलिकाचे प्रमाण चांगले असले की ओल्या रस्त्यावरची पकड सुधारते, आणि ही गोष्ट मला मऊपणापेक्षा मोलाची वाटते.

भांडुपला कारखाना असलेली सिएट, मदुराईची टीव्हीएस युरोग्रिप, एमआरएफ आणि अपोलो या आपल्या कंपन्यांचे या वर्गातील टायर मी दुकानांत हाताळून पाहिले. शेवटी मिशेलिन पायलट स्ट्रीट २ वर निर्णय झाला, याची कारणे दोन. दोन्ही मापे मला ताज्या तारखेची मिळाली, आणि त्याच्या मागच्या टायरची गोलाई मला आवडली, कारण ती मधोमध चपटी नसून माथ्यापासून कडेपर्यंत एकसारखी उतरत जाते. हा टायर रेडियल नाही, म्हणजे त्याच्या आतील धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जात नाहीत. ज्या मिशेलिनने १९४६ साली रेडियल टायरचे पेटंट घेतले, तिचाच असूनही याच्या आतील थर जुन्या पद्धतीने तिरके, एकमेकांना छेद देत जातात. माझी गाडी दीडशे-एकशेसाठ किलोंची आहे आणि तिचा रोजचा वेग फारसा मोठा नाही, त्यामुळे मला त्यात उणे काही वाटले नाही. महामार्गावर तासन्‌तास वेगाने जाणाऱ्यांनी, विशेषतः ज्यांच्या गाडीला कारखान्यातूनच रेडियल आले आहेत त्यांनी, रेडियलच घ्यावेत.

बसवताना बाजूवरचा दिशेचा बाण, चाकाचे बॅलन्सिंग आणि नवा वॉल्व्ह या तीन गोष्टी मी उभे राहून करून घेतल्या. टायर, मजुरी आणि बॅलन्सिंग मिळून खर्च आठ हजारांच्या आत आला. नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्याची गुळगुळीत झाक असते, म्हणून पहिले दोनशे किलोमीटर मी गाडी जपून चालवली आणि रोज थोडी थोडी अधिक झुकवत गेले.

कोरड्या रस्त्यावरचा बदल पहिल्याच आठवड्यात जाणवला. घणसोलीजवळ पुलावरून उतरताना गाडी वळणात जाते ती एका ओघात, मध्ये कुठेही न अडखळता. मात्र मी या टायरला ओळखले ते पावसात. जुलैमधल्या एका सकाळी विटाव्याच्या पुलाखाली पाणी साचण्याच्या बेतात होते, पुढच्या रिक्षाने अचानक ब्रेक लावला आणि मलाही दोन्ही ब्रेक एकदम दाबावे लागले. पुढचे चाक क्षणभर कुरकुरले, एबीएसचा धक्का लिव्हरवर बोटांना जाणवला आणि गाडी सरळ रेषेत, रिक्षापासून हातभर अंतर राखून थांबली. एबीएस चाक जाम होऊ देत नाही, पण थांबवणारी पकड शेवटी टायरलाच द्यावी लागते, हे त्या हातभर अंतराने मला पटवले. लोखंडी प्लेटांवर, पांढऱ्या पट्ट्यांवर आणि गटाराच्या झाकणांवर कोणताही टायर चमत्कार करू शकत नाही आणि हाही करीत नाही. तिथे गाडी सरळ ठेवून, ब्रेक न लावता पार होणे हाच उपाय आहे. फरक एवढा की चाक सरकले तर ते सांगून सरकते, चालकाला सावरायला अवकाश देते.

माळशेजला या टायरवर मी सहा वेळा गेले, त्यांतील दोन वेळा पावसात. धुके आणि कड्यावरून रस्त्यावर कोसळणारे पाणी असताना तिथे वेगाने चालवण्याचा प्रश्नच येत नाही, पण ओल्या वळणावर मधेच खडी आली तरी रेषा बदलता येते हा विश्वास मोठा असतो. कोरड्या हिवाळी सकाळी, रस्ता रिकामा असताना, मी जेवढी गाडी झुकवते तेवढ्यात टायर कधीही अपुरा पडला नाही. ज्यांना गुडघा टेकवायचा आहे त्यांनी वेगळा टायर पाहावा. हा त्या कामासाठी बनवलेला नाही.

हवेबद्दल एक गैरसमज इथे लिहिणे आवश्यक वाटते. पावसात पकड वाढावी म्हणून हवा कमी ठेवा, असे पंपावरची मुले आणि जुने चालकही सांगतात. हवा कमी असली की टायर चेपतो, त्याच्या खाचा मिटू लागतात, आणि ज्या खाचांनी पाणी बाहेर फेकायचे त्याच अरुंद झाल्याने चाक पाण्यावर तरंगण्याचा धोका उलट वाढतो. कंपनीने सांगितलेला दाब बाराही महिने ठेवावा, मागे कोणी बसणार असेल तर त्यासाठी दिलेला वाढीव दाब भरावा आणि हवा सकाळी टायर थंड असतानाच तपासावी. मी स्वतःचा गेज घेतला आहे, कारण दोन पंपांवरचे काटे मला कधी जुळताना दिसले नाहीत.

सोळा हजार किलोमीटरमध्ये एकच पंक्चर झाले, महापे एमआयडीसीत, मागच्या टायरच्या मधोमध घुसलेल्या दोन इंची स्क्रूने. ट्यूबलेस असल्याने हवा हळूहळू उतरली आणि रबाळ्याच्या पंक्चरवाल्यापर्यंत गाडी चालवत नेता आली. पंक्चर माथ्यावर होते म्हणून पट्टी बसवून भागले. बाजूच्या भिंतीत छेद गेला असता तर टायर बदलावा लागला असता, तिथे पट्टीवर विसंबणे धोक्याचे असते.

आता झीज. मागचा टायर मधोमध थोडा चपटा झाला आहे, पण हात फिरवला तर कड लागत नाही, आणि मला यातच त्याचे खरे यश दिसते. खाचांच्या तळाशी झीज दाखवणारे लहान उंचवटे असतात. मागच्या टायरवर रबर आता त्यांच्या जवळ आले आहे. दुचाकीसाठी नियमाने किमान खोली ०.८ मिलिमीटर ठरवली आहे, परंतु आपल्याकडच्या पावसात त्या मर्यादेपर्यंत टायर चालवणे मला मान्य नाही. उथळ खाच पाणी कमी फेकते, एवढे कारण मला पुरेसे आहे. डिसेंबर ते मे या कोरड्या महिन्यांत उरलेले रबर वापरून संपवीन आणि जूनच्या आधी मागे हाच टायर, याच मापाचा, तारखेचे आकडे पैसे देण्यापूर्वी पाहून घेईन. पुढचा टायर आणखी एक पावसाळा काढील असे वाटते, पण ते मे महिन्यात खोली मोजूनच ठरवीन.