हेड ट्रॅकर, आठ महिन्यांनंतर: आधी ठिपके मोजा

हेड ट्रॅकर म्हणजे आपण डोकं फिरवलं की संगणकावरच्या विमान उडवण्याच्या गेममधलं दृश्य फिरवणारं उपकरण. हा अनुभव मी पाचव्या महिन्यातच लिहायला घेतला होता आणि त्यात नुसती स्तुती होती. तो अर्धवट राहिला ते बरं झालं. सहाव्या महिन्यात ट्रॅकर बिघडला आणि दोष सापडेपर्यंत तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांबद्दलच जास्त लिहिणार आहे, कारण कॅमेऱ्याचा वेग, कोन वगैरे आकडे सगळीकडे मिळतात. हे मात्र मला कुठेच मिळालं नाही.

रचना नेहमीचीच. मॉनिटरवर इन्फ्रारेड कॅमेरा, हेडफोनच्या डाव्या कानावर तीन एलईडींची क्लिप (कॅमेरा हे तीन दिवे बघून डोकं कुठे वळलंय ते ओळखतो), आणि क्लिपला वीज द्यायला एक लांब, बारीक यूएसबी वायर. ही वायर लक्षात ठेवा.

मी बहुतेक वेळ सेसना १७२ या छोट्या विमानात सर्किट मारते, म्हणजे धावपट्टीभोवती चौकोनी फेरी घेऊन पुन्हा उतरते. डाव्या सर्किटमध्ये डाऊनविंडवर, म्हणजे धावपट्टीला समांतर उलट्या दिशेने जात असताना धावपट्टी डाव्या हाताला असते. तिचं टोक पंखाच्या मागे ४५ अंशांवर दिसलं की बेसला, म्हणजे पुढच्या आडव्या टप्प्याला वळायचं, म्हणजे विमानाच्या नाकापासून १३५ अंश मागे बघायचं. खुर्चीत बसून प्रत्यक्षात डोकं पंचवीस-तीस अंशच फिरतं, कारण नजर तर पडद्यावरच ठेवायची असते. बाकीचं काम सॉफ्टवेअरमधला कर्व्ह करतो: डोकं किती वळलं की दृश्य किती वळवायचं, हे तो ठरवतो. जॉयस्टिकवरचा हॅट स्विच (दृश्य फिरवायचं बटण) दाबून मान वळवायची सवय असलेल्या माणसाला पहिल्यांदा हे जमतं तेव्हा जो आनंद होतो, तो मला आजही प्रत्येक सर्किटला होतो. धावपट्टी नजरेतून सुटत नाही, त्यामुळे वळण कधी घ्यायचं हे आपोआप कळू लागतं. माझी लँडिंग सुधारली ती यामुळेच.

आणि नेमकं तिथेच बिघडलं. डावीकडे मागे बघितलं की दृश्य क्षणभर गोठायचं, मग झटक्यात समोर यायचं. कधी थेट कॉकपिटच्या छताकडे. दोन सेकंदांनी सगळं पूर्ववत.

पहिला संशय गेमवर गेला. विमानतळाजवळ इमारती, झाडं, उभी विमानं असा भार वाढतो, फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं दिसतात तो आकडा) पडतो. मी ग्राफिक्स खाली आणले, फरक शून्य. नंतर फ्रेमरेटचा आकडा पडद्यावर ठेवून उडवलं, तर दृश्य उडी मारतानाही आकडा स्थिर होता. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

मग ऊन. माझ्या पाठीमागे खिडकी आहे. सूर्यप्रकाशात इन्फ्रारेड भरपूर असतो आणि जुन्या पद्धतीच्या तारेच्या बल्बमध्येही. कॅमेऱ्याला दिसणारे दिवे ठिपक्यांसारखे दाखवणारी सॉफ्टवेअरची ट्रॅकिंगची खिडकी उघडली, तर तीन ठिपक्यांच्या जोडीला कोपऱ्यात चौथा, कधी पाचवा चमकत होता. खिडकीचा पडदा ओढला, थ्रेशोल्ड (किती तेजस्वी प्रकाश ठिपका मानायचा ती मर्यादा) थोडा वाढवला, ठिपके तीनच राहिले. चार दिवस सगळं सुरळीत चाललं आणि मी मित्राला ‘सापडलं एकदाचं’ असं कळवलंही. पाचव्या दिवशी रात्री, अंधाऱ्या खोलीत, पुन्हा तेच. म्हणजे उन्हाचा दोष खरा होता, पण वेगळा होता. दोन बिघाड एकमेकांवर बसलेले असले की पहिला सुधारल्यावर आपण शोधणं थांबवतो, आणि माझा सगळ्यात जास्त वेळ त्यातच गेला.

त्यानंतर यूएसबी. विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायला यूएसबी उपकरण झोपवणारी सोय) बंद केलं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी काढली. कॅमेरा हबमधून काढून थेट मशीनच्या मागच्या पोर्टला लावला. हे सगळं तसंही करून ठेवावं, पण माझा दोष गेला नाही. आता कळतं की एक खूण तेव्हाच समोर होती: कॅमेरा खरंच तुटत असता तर विंडोजने उपकरण निघाल्याचा आवाज केला असता. तसा आवाज एकदाही आला नव्हता. क्लिप पोर्टमधून फक्त वीज घेते, माहितीची देवाणघेवाण करत नाही. ती बंद पडली तरी संगणकाला पत्ता लागत नाही.

मी केलेली एक चूक तुम्ही करू नका. या काळात मी फिल्टरचं स्मूदिंग, म्हणजे हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग, वाढवत गेले, उड्या दबतील या आशेने. उड्या तशाच राहिल्या आणि डोकं पाण्यात फिरवल्यासारखं जड वाटू लागलं. पाच महिने बसवलेलं प्रोफाइल (सेटिंगचा संच) मी स्वतःच्या हाताने बिघडवलं.

शेवटी गेम बंद केला, ठिपक्यांची खिडकी मोठी केली आणि मान हळूहळू डावीकडे नेली. एका ठरावीक जागी तीनही ठिपके एकदम विझले. मान मागे आणली, ठिपके परत आले. ही परीक्षा दोन मिनिटांची आहे आणि सगळ्यात आधी हीच करा. ठिपके तीनपेक्षा जास्त दिसले तर बाहेरचा प्रकाश किंवा चष्म्याची चमक. दोन दिसले तर एक एलईडी कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर गेलाय, हेडफोनने झाकलाय किंवा जळलाय. तीन ठिपके पक्के दिसतात आणि तरी दृश्य अडकतंय, तर सॉफ्टवेअर किंवा गेमच्या सेटिंगकडे वळा. आणि तीनही एकदम गेले तर वीज. खात्रीसाठी फोनचा सेल्फी कॅमेरा क्लिपसमोर धरा. बऱ्याच फोनमध्ये डोळ्यांना न दिसणारा हा प्रकाश जांभळट-पांढरा दिसतो. मी फोन धरून क्लिपजवळची वायर बोटाने हलवली आणि तीनही दिवे लुकलुकले.

कारण उघड आहे. क्लिप डाव्या कानावर. डावीकडे मान वळली की तो कान मागे जातो आणि टेबलावरून येणारी वायर ताणली जाते. पूर्ण उपकरणात सगळ्यात जास्त हलणारा भाग तोच, आणि कंपनीने सगळ्यात बारीक वायर तिथेच लावली आहे. क्लिपमधून ती बाहेर पडते तिथे आधाराला रबराची नळीसुद्धा नाही. शेकडो सर्किटं, प्रत्येक वेळी त्याच एका सेंटिमीटरवर वाक. आतले तांब्याचे केस एकेक करून तुटतात, वरचं आवरण मात्र शाबूत राहतं, म्हणून बाहेरून काही दिसत नाही.

कंपनीला हे सगळं लिहून कळवलं. उत्तर आलं: ड्रायव्हर पुन्हा टाका. टाकला. पुन्हा तेच उत्तर. सेल्फी कॅमेऱ्याने काढलेला व्हिडिओ पाठवल्यावर कळवलं की हमी कॅमेऱ्याला आहे, क्लिप ‘ॲक्सेसरी’ आहे, नवीन घ्या. मला खरोखर राग आला. नवीन क्लिपलाही तीच वायर असणार. इतक्या चांगल्या कॅमेऱ्याला इतकी क्षुल्लक वायर जोडायची आणि ती तुटली की गिऱ्हाइकाने भरायचं, हे मला मान्य नाही.

त्या दिवसांत ओपनट्रॅक हे हेड ट्रॅकिंगचं सॉफ्टवेअर वापरलं. साध्या वेबकॅमवर, त्यातला चेहरा ओळखून चालणारा न्यूरलनेट ट्रॅकर निवडून. फुकट आहे आणि डोक्यावर काहीच लावावं लागत नाही. त्याला मी आधी कमी लेखत होते, ते मत बदललं. उजेड चांगला असेल तर निवांत उड्डाणाला ते पुरतं. उजेड कमी झाला की वेबकॅमचं चित्र मंदावतं आणि हालचाल मागे पडते, टोकाच्या वळणाला थरथरही येते. पण नवीन माणसाने आधी हेच महिनाभर वापरावं, मग खर्चाचा विचार करावा.

क्लिप मीच उघडली. मल्टिमीटर सातत्याच्या आवाजावर (तार अखंड असेल तर वाजणाऱ्या सेटिंगवर) ठेवून वायर वाकवत गेले, तुटलेली जागा क्लिपपासून बोटभर अंतरावर सापडली. तेवढा तुकडा कापला आणि सिलिकॉन आवरणाची, बारीक पण पुष्कळ तारांची मऊ वायर जोडून सोल्डर केली. धन-ऋण टोकं कापण्याआधी खूण करून ठेवा. एलईडी उलटे जोडले तर पेटत नाहीत. वर श्रिंक ट्यूब (गरम केली की आवळणारी नळी) चढवली. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वायर आता क्लिपमधून निघून सैल वळण घेते आणि हेडफोनच्या दांडीला बांधलेली आहे. ताण आला तर दांडीवर येतो, जोडावर नाही.

दुरुस्तीला आता दोन महिने झाले. एकही उडी नाही. स्मूदिंग पुन्हा खाली आणलंय, कर्व्ह मधोमध सपाट ठेवलाय, म्हणजे समोरची उपकरणं वाचताना दृश्य हलत नाही. कॅमेऱ्याला माझे पूर्ण गुण, क्लिपला शून्य. कालच्या शेवटच्या सर्किटला धावपट्टीचं टोक पंखामागे सरकेपर्यंत मी सलग तिच्याकडे बघत होते. आता यूएसबीच्या टोकाकडची वायर थोडी कडक लागू लागली आहे. या रविवारी तीही बदलणार आहे.