ओंटारिओ कॅनबिस स्टोअर: काळ्या बाजाराच्या कसोटीवर

कॅनडातील ओंटारिओ प्रांताच्या सरकारी गांजाविक्री सेवेचे, म्हणजे ओंटारिओ कॅनबिस स्टोअरचे, परीक्षण करताना मी एकच प्रश्न समोर ठेवला आहे: चोरून विकणाऱ्याकडे जाण्याची गरज या सेवेमुळे उरते का? कॅनडाने 17 ऑक्टोबर 2018 रोजी गांजा कायदेशीर केला, त्यामागे गुन्हेगारांचा नफा तोडणे हा एक घोषित हेतू होता.

सुरुवात निराशाजनक होती. पहिल्या दिवशी प्रांतात एकही कायदेशीर दुकान नव्हते; संकेतस्थळावर मागणी नोंदवून टपालाची वाट पाहायची, आणि काही दिवसांतच टपाल कर्मचाऱ्यांचा टप्प्याटप्प्याचा संप सुरू झाला. एप्रिल 2019 मध्ये दुकाने उघडू लागली, पण एवढ्या मोठ्या प्रांतासाठी सोडतीने दिलेले परवाने होते अवघे 25. मराठी कुटुंबांना परिचित असलेल्या मिसिसागा शहराने तर दुकानांना नकार दिला आणि तो 2023 पर्यंत कायम ठेवला. मुलांच्या काळजीपोटी घेतलेला तो निर्णय तेव्हा मला पटला होता. आज तो चुकीचा वाटतो, कारण घरपोच माल देणारे बेकायदा विक्रेते दुकानबंदीने थांबत नाहीत आणि ते कोणाचे वयही विचारत नाहीत.

आता प्रांतात दीड हजारांहून अधिक परवानाधारक खासगी दुकाने आहेत आणि त्यांना घाऊक माल ही सरकारी संस्थाच पुरवते. दुकानात 19 वर्षे पूर्ण झाल्याचा पुरावा पाहिला जातो. पाकिटावर शुल्काचा शिक्का, टीएचसीचे (गांजातील नशा आणणाऱ्या मुख्य घटकाचे) प्रमाण आणि पॅकिंगची तारीख असते. आतील मालाची कीटकनाशकांसाठी तपासणी झालेली असते. ही खात्री काळ्या बाजारात कोणत्याही किमतीला मिळत नाही.

किमतीतही सेवेने मोठी मजल मारली आहे. 28 ग्रॅमची काही पाकिटे शंभर डॉलरच्या आसपास मिळतात. मात्र उत्पादकावरील शुल्क ग्रॅममागे किमान 1 डॉलर आहे. ग्रॅमचा भाव 10 डॉलर धरला होता तेव्हा हा दहावा हिस्सा होता. भाव उतरले तरी आकडा तसाच राहिल्याने तो आता फार जड झाला आहे, आणि चोरटा विक्रेता त्यातला एक सेंटही भरत नाही.

गांजायुक्त खाद्यपदार्थांच्या बाबतीत मात्र सेवा अजून मागे आहे. एका पाकिटात 10 मिलिग्रॅमपेक्षा जास्त टीएचसी चालत नाही, तर बेकायदा संकेतस्थळे लहान मुलांच्या गोळ्या-चॉकलेटांसारख्या वेष्टनात त्याच्या कितीतरी पट मात्रा विकतात. खरेदीपूर्वी दुकानावर प्रांताची अधिकृत मुद्रा आहे ना, हे अवश्य पाहावे.